पाडेल्याचा दर का वाढला?

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी चहाचं आधण खाली उतरत नाही. फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे मुलांचे आईबाप सल्ल्याला येतात. सल्ला बहुतेकांनी घरीच ठरवून आणलेला असतो, मी फक्त मान डोलवायची. यंदा सावईवेऱ्याच्या बाजूचे एक कुळागरवाले (कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग) भाऊ मुलीला घेऊन आले. मुलीला अर्थशास्त्रात बी.ए. करायचं होतं. देवापुढे फोडलेला नारळ नासका निघावा, तसा वडिलांचा चेहरा.

“सर, हें शिकून फुडें कितें? बँकेतच ना?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे पाडेली होता. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी. या आठवड्यात जमत नाही, पुढच्या गुरुवारी येतो, आणि हो, झाडामागचा दर वाढलाय, असा निरोप. भाऊंनी फोन ठेवला आणि सगळा राग माझ्यावर काढला. माड तेच, माणूस तोच, बापजाद्यांसारखाच चढतो, दिवसाला एक झाडसुद्धा जास्त करत नाही. मग दर कसा वाढतो दरवर्षी?

मी म्हटलं, “भाऊ, तुमची मुलगी पुढे काय करणार विचारलंत ना? हेच. तुम्ही आत्ता विचारलेल्या प्रश्नावर अर्थतज्ज्ञांनी अख्खी आयुष्यं घालवली आहेत.”

त्यांना ती थट्टा वाटली. त्या दिवशी दोन कप चहात जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द सरळ करून घेऊ. उत्पादकता म्हणजे एका माणसाच्या एका तासातून किती मोलाचं काम बाहेर पडतं ते. घाम किती गळला याचा तिच्याशी फार संबंध नाही. कुदळीने वाफे खणणारा संध्याकाळपर्यंत पाठ मोडून घेतो, शेजारी पॉवर टिलर फिरवणारा न्याहारीआधी तेवढं उरकून पान खायला बसतो. कष्ट पहिल्याचे जास्त, उत्पादकता दुसऱ्याची जास्त. ‘आपल्या लोकांची उत्पादकता कमी आहे’ हे वाक्य ऐकलं की अनेकांना ‘आपले लोक आळशी आहेत’ असं ऐकू येतं. ही दोन वाक्यं वेगळी आहेत, आणि ती एकच समजल्यामुळे पुष्कळ वाईट धोरणं जन्माला आली आहेत.

पॉल क्रुगमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९० साली लिहिलं होतं की उत्पादकता म्हणजे सर्वस्व नव्हे, पण लांबच्या पल्ल्यात ती जवळजवळ सर्वस्वच. का, ते साध्या हिशेबात दिसतं. माणशी उत्पादन वर्षाला एक टक्क्याने वाढलं तर दुप्पट व्हायला सुमारे सत्तर वर्षं लागतात. दोन टक्क्यांनी वाढलं तर पस्तीस. म्हणजे एका टक्क्याच्या फरकात आजोबांनी बघायचं सुख नातवावर ढकललं जातं. अर्थतज्ज्ञ दशांश चिन्हामागच्या आकड्यांवरून भांडतात ते यासाठी.

आता पाडेली. प्रिन्स्टनचे विल्यम बॉमल यांनी विल्यम बोवेन यांच्यासोबत १९६६ साली एक पुस्तक लिहिलं, विषय नाटक आणि संगीताचं अर्थकारण. अमेरिकेतले वाद्यवृंद आणि नाटकमंडळ्या सारख्या तोट्यात का असतात, हा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं: चार वादकांसाठी लिहिलेली बेथोव्हेनची रचना वाजवायला दीडशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत, आजही चारच लागतात आणि वेळही तेवढाच. दरम्यान कारखान्यातला कामगार तासाला कितीतरी पट माल काढू लागला, त्याचा पगार वाढला. वादकाचा पगार वाढवला नाही तर तो व्हायोलिन ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून उत्पादकता न वाढताही त्याचा पगार वाढवावाच लागतो. हाच पुढे ‘बॉमलचा खर्चरोग’ म्हणून प्रसिद्ध झाला.

बेथोव्हेन भाऊंना लांबचा. मी त्यांना वास्कोच्या दामोदर सप्ताहाचं उदाहरण दिलं. श्रावणात होतो, नाव सप्ताह असलं तरी चोवीस तास अखंड भजन. आता कितीही तंत्रज्ञान आणा, चोवीस तासांचं भजन अठरा तासांत उरकून ‘उत्पादकता तेहतीस टक्क्यांनी वाढली’ असं कोणी म्हणेल का? पखवाजावर पाळीपाळीने माणूस बसायलाच हवा. तिथे वेळ हाच माल आहे. भजनात लोक देवासाठी येतात म्हणून बिल येत नाही, पण जत्रेच्या नाटकाला पेटी-तबलावाले बाहेरून आणणाऱ्या कुठल्याही मंडळाला विचारा, खर्चरोग म्हणजे काय ते खजिनदार तोंडपाठ सांगेल.

पाडेल्याचं तसंच. त्याचा दर वाढतो तो माडावर काही बदललं म्हणून नाही. त्याचा मुलगा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कंपनीत जाऊ शकतो, तिथे यंत्रांच्या जोरावर त्याच्या तासाला मोल आहे, म्हणून. माडावर चढायला माणूस हवा असेल तर वेर्ण्याशी बोली लावावी लागते. भाऊंच्या कुळागरातल्या दराचं मूळ असं पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या एका कारखान्यात निघतं.

यातून सरकारी धोरणाला काय कळतं? शाळा, दवाखाने, वृद्धांची शुश्रूषा, न्यायालयं ही सगळी माडावर चढण्यासारखी कामं आहेत. त्यांचा खर्च दरवर्षी वाढणार, आणि वाढला म्हणून मास्तर आळशी झाले असं नव्हे. (मी मास्तर आहे, म्हणून हे जरा मोठ्याने सांगतो.) बॉमल पुढे असंही दाखवतात की बाकीच्या अर्थव्यवस्थेत उत्पादकता वाढत असेल तर समाजाला हा वाढता खर्च परवडतोच. एखादी गोष्ट महाग होणं आणि ती न परवडणं यांत फरक आहे. वर्गात हा मुद्दा समजायला मुलांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. अर्थमंत्र्यांनाही लागत असावा.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. बाकीच्या अर्थव्यवस्थेत उत्पादकता वाढते ती कशाने?

इथे रॉबर्ट सोलो. सोळाव्या वर्षी हार्वर्डला गेलेला मुलगा, १९४२ मध्ये शिक्षण सोडून सैन्यात भरती झाला, उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या आघाड्यांवर राहिला, परत येऊन अर्थशास्त्रात रमला. पुढे एमआयटीत शिकवता शिकवता केनेडींच्या आर्थिक सल्लागार मंडळातही काम केलं. १९५७ साली त्यांनी एक छोटा, पण फार मोठ्या परिणामांचा निबंध लिहिला. १९०९ ते १९४९ या चाळीस वर्षांत अमेरिकेत माणसाच्या तासामागचं उत्पादन साधारण दुप्पट झालं होतं. तोवरची समजूत अशी की यंत्रं वाढली, भांडवल वाढलं, म्हणून उत्पादन वाढलं. सोलोंनी हिशेब मांडला तर वाढीचा फक्त एक अष्टमांश भाग भांडवलामुळे निघाला. उरलेले सात अष्टमांश कशाने आले, ते यंत्रं मोजूनही सापडेना आणि माणसं मोजूनही. त्याला त्यांनी ‘तांत्रिक बदल’ म्हटलं. एक वर्ष आधी मोझेस अब्रामोविट्झ या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने अशाच उरलेल्या भागाला ‘आपल्या अज्ञानाचं माप’ म्हटलं होतं. मला हे दुसरं नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

हे सात अष्टमांश म्हणजे काय, हे समजायला कुळागरासारखी जागा नाही. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेले मिरवेल, मध्ये जायफळ, खाली केळी आणि अननस, आणि सगळ्यांना पुरणारा पाटाचा एकच ओहोळ. तेवढीच जमीन, तेवढंच पाणी, तेवढेच हात एखाद्या नवख्याच्या ताब्यात द्या; त्याच्या हातून निम्मंही पीक निघणार नाही. फरक आहे तो मांडणीत, कुणाच्या सावलीत काय वाढतं या ज्ञानात. ते ज्ञान कुठल्या सातबाऱ्यावर नसतं. (आमच्याकडे सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा, त्यावरही नसतं.) पाटाचं पाणी कुणी कधी घ्यायचं हे गावाने ठरवलेलं असतं, म्हणजे नियम आणि विश्वास हेही उत्पादनाचे घटक. सोलोंच्या उरलेल्या भागात हे सगळं कोंबलेलं आहे: शोध, शिक्षण, व्यवस्थापन, रस्ते, न्याय, सवयी.

रस्त्यांवरून आठवलं. जुवारीचा जुना पूल थकल्यामुळे अवजड वाहनांना कित्येक वर्षं त्यावर बंदी होती, ती बोरीमार्गे वळसा घालून जात. २०२२ च्या डिसेंबरात नवा पूल एका बाजूने सुरू झाला. ट्रकवाला तोच, ट्रक तोच, डिझेलही तेच. पण त्याच दिवसात तो जास्त फेऱ्या मारू शकतो. त्याची उत्पादकता त्याने वाढवली नाही, सिमेंट आणि पोलादी तारांनी वाढवली, आणि त्याचे पैसे आपण सगळ्यांनी करातून दिले. एका माणसाच्या तासाचं मोल बहुतांशी त्याच्याभोवती काय उभं आहे यावर ठरतं. म्हणून तर उत्पादकता हा सरकारी धोरणाचा विषय होतो, नुसत्या प्रवचनाचा राहत नाही.

याची उलटी बाजू आम्ही खाणपट्ट्यात पाहिली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मधल्या काळात थोड्या सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या ट्रकचालकाचं कसब एका रात्रीत कमी झालं नव्हतं. बार्जवरच्या खलाशाला मांडवी आदल्या दिवशीइतकीच ठाऊक होती. पण त्यांच्या तासाचं मोल शून्यावर आलं. आणि खाणी जोरात असताना आकड्यांत त्यांची उत्पादकता डोळे दिपवणारी दिसे, तीही पूर्णपणे त्यांची नव्हती. बराचसा भाग जमिनीतल्या लोहखनिजाचा आणि चीनमधल्या पोलाद कारखान्यांच्या भुकेचा. सकल उत्पन्नाचा हिशेब करताना काढलेलं खनिज मिळकत म्हणून लिहितात, पण डोंगर तेवढा कमी झाला हे वजा करत नाहीत. घरचं सोनं विकून आलेले पैसे पगार म्हणून लिहिण्यासारखं. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात अगदी वरच्या रांगेत असतं, त्याचा अभिमान मलाही आहे; आकड्यात काय मिळवलंय आणि काय वजा करायचं राहिलंय, एवढं मात्र बघावं.

आता जरा मागे जातो. मला सगळ्यात आवडणारा भाग हा, आणि मुलीनेही इथेच वही काढली.

१९१८ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेजात एक सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक रुजू झाला, डॉ. भीमराव आंबेडकर. त्याच वर्षी त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा सगळ्यांचं म्हणणं होतं की जमिनीचे तुकडे फार लहान झाले म्हणून शेती बुडते, तुकडे जोडा. आंबेडकरांनी प्रश्नच बदलला. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, तिच्यासोबत किती भांडवल, किती अवजारं, किती हात आहेत त्या प्रमाणावर ठरतं. अवजारंच नसतील तर मोठी जमीनही काही कामाची नाही. खरा रोग असा की जमिनीवर जगणारे हात गरजेपेक्षा फार जास्त आहेत, त्यातले कित्येक नुसते बसून खातात, आणि त्यांना दुसरं काम नाही. म्हणून शेतीच्या दुखण्यावरचा इलाज शेताबाहेर आहे: उद्योग वाढवा, जादा हात तिकडे जाऊ द्या, मग उरलेल्यांच्या वाट्याला जमीनही येईल आणि भांडवलही. घटनेच्या शिल्पकाराची ही अर्थतज्ज्ञाची बाजू आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकतात. कोलंबिया विद्यापीठाची आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची, दोन्हीकडची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट त्यांच्याकडे होती.

छत्तीस वर्षांनी, १९५४ साली, आर्थर लुईस यांनी साधारण याच दिशेचा विचार पूर्ण सिद्धान्त म्हणून मांडला. लुईस कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया या छोट्या बेटावरचे, कृष्णवर्णीय. चौदाव्या वर्षी शाळा संपवून सरकारी कचेरीत कारकून झाले. व्हायचं होतं इंजिनियर. पण वसाहतीचं सरकार किंवा साखरेचे मळेवाले काळ्या माणसाला इंजिनियर म्हणून घेणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन वाणिज्याकडे वळले आणि तिथून अर्थशास्त्रात शिरले. त्यांचं म्हणणं: गरीब देशात शेतीत इतके जादा हात असतात की काही निघून गेले तरी पीक घटत नाही. ते आधुनिक उद्योगात गेले की देश वर येतो. पुढे १९५७ मध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानाचे आर्थिक सल्लागार झाले आणि दीडेक वर्षातच तिथले पंतप्रधान एन्क्रूमा यांच्याशी न पटून बाहेर पडले. सल्लागार आणि राज्यकर्ता यांचं बिनसणं हा या व्यवसायातला नित्याचा भाग.

आणि मग थिओडोर शुल्झ, जे लुईसशी सहमत नव्हते. गंमत म्हणजे १९७९ चं नोबेल दोघांना वाटून मिळालं. शुल्झ अमेरिकेतल्या साऊथ डकोटाच्या शेतकऱ्याचे पुत्र. ‘हात गेले तरी पीक घटत नाही’ हे शेतात वाढलेल्या माणसाला पटेना. त्यांनी तपासायला भारतच निवडला, आणि नेमका आंबेडकरांच्या निबंधाचा काळ: १९१८-१९ ची इन्फ्लुएन्झाची साथ. माणसं अचानक गेली, बैल-जमीन तशीच राहिली. हात खरोखरच जादा असते तर पेरा तेवढाच राहायला हवा होता. शुल्झ यांच्या हिशेबात पेरणीखालचं क्षेत्र घटलं. अमर्त्य सेन यांनी नंतर या पद्धतीवर आक्षेप घेतले: साथीत घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात, आणि ठरवून एकेक माणूस शहरात जाणं ही वेगळीच गोष्ट. वाद आजही पुरता मिटलेला नाही. शुल्झ यांची दुसरी शिकवण मात्र टिकली: पारंपरिक शेतकरी गरीब असेल, पण वेडा नाही. हाताशी आहे त्यातून तो जास्तीत जास्त काढतोच. वाढ हवी असेल तर नवं बियाणं द्या, शिक्षण द्या. माणसाच्या शिक्षणावरचा खर्च ही गुंतवणूकच, हे त्यांनीच अर्थशास्त्राच्या गळी उतरवलं.

या शुल्झ यांची नोकरीची गोष्टही ऐकण्याजोगी. दुसऱ्या महायुद्धात आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते विभागप्रमुख होते. त्यांच्या एका सहकाऱ्याने पुस्तिकेत लिहिलं की लोण्याऐवजी वनस्पती तेलाचं मार्गारिन खाल्लं तरी पोषणात फारसं बिघडत नाही, उलट युद्धकाळात हात वाचतात. आयोवा म्हणजे दूधदुभत्याचं राज्य. दूधवाले खवळले, महाविद्यालयाने पुस्तिका मागे घेतली, आणि शुल्झ यांनी १९४३ मध्ये राजीनामा देऊन शिकागो गाठलं. लोण्यापायी आयोवाने भावी नोबेलविजेता घालवला. भाऊ हे ऐकून पहिल्यांदा हसले. म्हणाले, “म्हणजे ऊस-काजूवाल्यांविरुद्ध लिहिलं तर हिलाही बदली.”

आज भारतात साधारण पंचेचाळीस टक्के कामकरी शेतीत आहेत, आणि शेतीचा देशाच्या उत्पन्नातला वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास. भागाकार केला तर शेतीबाहेरचा माणूस सरासरीने शेतीतल्या माणसाच्या पावणेचार पट मोलाचं उत्पादन करतो. आंबेडकरांनी दाखवलेली खिंड शंभर वर्षांनीही पुरती ओलांडलेली नाही. गोव्याचं चित्र मात्र उलटं. इथे हात केव्हाच शेताबाहेर गेले. सरदाचं, म्हणजे पावसाळी भात पेरायला माणूस मिळत नाही, वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, तर विचारूच नका, खाचरं पड राहतात. आणि त्या जागी घरं उभी राहिली की आपणच वर्तमानपत्रात पत्रं लिहितो. शुल्झ असते तर म्हणाले असते, शेतकऱ्याला आळशी म्हणण्याआधी त्याचा हिशेब बघा.

गेलेले हात गेले कुठे? बरेचसे सरकारी नोकरीच्या रांगेत. इथे राष्ट्रीय हिशेबाची एक गंमत सांगतो. सरकारी कचेरीची सेवा बाजारात विकली जात नाही, तिला किंमत नाही. मग देशाच्या उत्पन्नात ती कशी धरतात? मुख्यतः तिच्या खर्चावरून, म्हणजे पगारांवरून. कचेरीने दाखला दोन दिवसांत दिला की दोन महिन्यांत, आकडा तोच. उत्पादकता मोजण्याची सोयच नाही, त्यामुळे ती वाढली तरी दिसत नाही आणि बुडाली तरी.

सोलो १९८७ मध्ये म्हणाले होते की संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. याचं एक सुंदर उत्तर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० साली दिलं. वीज आली तेव्हाही असंच झालं होतं. जुन्या कारखान्यांत वाफेचं एक इंजिन, त्याला लांब दांडा आणि दांड्यावरून पट्ट्यांनी फिरणारी सगळी यंत्रं. मालकांनी इंजिन काढून तिथे विजेची मोटार बसवली आणि दांडा तसाच ठेवला. फायदा किरकोळ. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार देऊन कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा कुठे १९२० च्या दशकात उत्पादकता उसळली. सुमारे चाळीस वर्षं गेली. मध्यंतरी एका कचेरीत मी ऑनलाइन अर्ज भरला. मग त्याची प्रिंट मागितली, प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सवर सही-शिक्का. मला तो लांब दांडा डोळ्यांसमोर दिसला.

“सगळं खरं,” भाऊ म्हणाले, “पण पोटाचं काय?”

पोटाचंही आहे. एम.ए. केल्यावर केंद्राची भारतीय आर्थिक सेवा आहे, १९६१ मध्ये सुरू झालेली, परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, जागा मोजक्याच असतात. रिझर्व्ह बँकेचा संशोधन विभाग आहे, नाबार्ड आहे, राज्याचं नियोजन व सांख्यिकी संचालनालय आहे, विद्यापीठं आहेत, आणि आता आकडेवारीची जाण असलेल्यांना खाजगी कंपन्याही घेतात. गणित पक्कं हवं. ते टाळायला म्हणून अर्थशास्त्र घेणारी मुलं दुसऱ्या वर्षाला रडतात.

तरी मी त्यांना कांपालच्या बागेतला पुतळा आठवून बघा म्हटलं. पणजीला जाताना शेकडो वेळा पाहिला असेल, नाव वाचलं नसेल. फ्रान्सिस्को लुईस गोमिश. १८२९ मध्ये नावेलीत जन्मले, पेशाने डॉक्टर, १८६१ पासून लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी. १८६७ साली त्यांनी फ्रेंचमध्ये अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्यात अर्थशास्त्राचं नीतीशी आणि कायद्याशी नातं काय हा विषय. दोन वर्षांनी गोव्याला परतताना जहाजावरच वारले, अवघे चाळिसाचे. आपल्या धनंजयराव गाडगीळांचंही तसंच. पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यामागचे अर्थतज्ज्ञ, राज्यांना केंद्राचा पैसा कसा वाटायचा याचं सूत्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते. १९७१ मध्ये नियोजन मंडळ सोडून दिल्लीहून पुण्याला येताना वाटेतच गेले. ऊस एकेकट्या शेतकऱ्याच्या हातात कवडीमोल, तोच कारखाना सगळ्यांनी मिळून उभारला की त्याच उसाला भाव. सात अष्टमांशातला हाही एक तुकडा, आणि तो शोधला नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसोबत बसून.

मुलगी इतका वेळ गप्प होती. आता म्हणाली, “सर, बाबा म्हणतात पाडेल्याची उत्पादकता वाढत नाही. पण नारळ पाडल्यावर ते गोळा करते आई. सुपारी सोलते आई, मिरी वाळवते आई. तिचे तास धरतात का यात?”

मी जरा सावरून बसलो. नियम असा की कुळागरातून निघालेला नारळ विकला काय किंवा घरी खाल्ला काय, देशाच्या उत्पादनात धरला जातो. त्याच नारळाचं वाटण घालून केलेलं हुमण धरलं जात नाही. नारळ हिशेबात, हुमण हिशेबाबाहेर. नारळ गोळा करणारी आई मात्र कागदोपत्री कामगार आहे. घरच्या धंद्यात पगाराविना मदत करणाऱ्यांना श्रमिक म्हणूनच मोजायचं, असं सर्वेक्षणात स्पष्ट आहे. अडचण एवढीच की सर्वेक्षणवाला दारात येतो तेव्हा उत्तर कोण देतं. घरधनी म्हणतो, ‘ती घरीच असते.’ तिचे तास गळतात, नारळ राहतात, आणि भागाकारात बाबांची उत्पादकता फुगून दिसते. २०१९ मध्ये देशभर पहिल्यांदा लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी झाली, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७.

भाऊंनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. “आमच्याकडे आला होता तो माणूस,” ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

आठवड्याने मुलीचा फोन आला. प्रवेश झाला होता. पाडेली गुरुवारी येऊन गेला, नव्या दराने. आणि तिने आईच्या मागे मागे फिरून एका दिवसाचे तास लिहायला घेतले होते, पण आई एका वेळी दोन कामं करते, म्हणजे चुलीवर भात आणि हातात सुपारी. तर ते तास एकदा धरायचे की दोनदा, असं विचारत होती.